साचे कुणाच्या ताब्यात आहेत, ते आधी विचारा

व्हिएतनाममधल्या एका बूट कंपनीत सोर्सिंगची, म्हणजे कारखान्यांकडून माल बनवून घेण्याची, नोकरी चालून आलीय, त्यांना ‘फ्लेक्झिबल सप्लाय चेन’, म्हणजे अडचण आली की वळवता येईल अशी पुरवठा साखळी, उभी करून हवीय, तर जाण्याआधी काय समजून घेऊ, असं तुम्ही विचारलंत. याच कामासाठी मी हो ची मिन्ह सिटीत आलो, तेव्हा वाटायचं, एकाचे दोन कारखाने केले की झालं. तो भ्रम 2021 मध्ये फिटला.

त्या जुलैत दक्षिणेत कडक लॉकडाऊन लागला. कामगारांच्या राहण्या-झोपण्याची सोय आवारातच करणं ज्यांना जमलं तेवढेच कारखाने चालू, बाकी बंद. नायकीचंही व्हिएतनाममधलं दहा आठवड्यांचं उत्पादन बुडालं. आमच्यासाठी दुसऱ्या देशातला कारखाना तयार होता, अपर, म्हणजे बुटांचे वरचे भाग, शिवूनही झाले होते. पण सोलचे साचे अडकले टाळं लागलेल्या कारखान्यात! प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो आणि नवा संच करायला कित्येक आठवडे जातात. तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात गेलो की आधी साच्यांचं रॅक बघतो. मालकी कुणाची, बाहेर काढायचे तर किती दिवसांत मिळतील, हे करारातच लिहून घ्या.

दुसरं, शक्य तिथे तीन-चार मॉडेलना एकच सोल वापरा. कुठलं मॉडेल किती खपेल हा अंदाज हमखास चुकतो, पण चौघांची बेरीज सहसा तेवढी चुकत नाही. अपरचं कापडही न रंगवता राखून ठेवा, रंग जितका उशिरा ठरवाल तितकं बरं. डिझाइनवाले कुरकुरतील. करू द्या.

पर्यायी कारखान्याला दर हंगामात थोडं तरी काम द्याच. फक्त अडीअडचणीला आठवण काढलीत, तर तोही तुम्हाला रांगेत शेवटी उभं करेल. शिवाय दोन्ही कारखाने कच्चा माल चीनमधल्या एकाच पुरवठादाराकडून घेत असतील, तर पर्याय फक्त कागदावरच. देश बदलला की आयातशुल्कही बदलू शकतं. युरोपीय संघाशी व्हिएतनामचा मुक्त व्यापार करार 1 ऑगस्ट 2020 पासून लागू आहे, पण त्यातली सवलत मूळ देशाचे नियम, म्हणजे माल नेमका कुठला मानायचा हे ठरवणारे नियम, पाळले तरच मिळते.

तेत, म्हणजे इथलं नववर्ष, आलं की कामगार गावी जातात आणि सगळेच परततात असं नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नवं मॉडेल लाइनवर चढवू नका. चिकटवण्याच्या टेबलावर नवा हात बसला की सोल सुटल्याच्या तक्रारी ठरलेल्या.

वर्क परमिटसाठी पदवी, अनुभवपत्र आणि पोलिसांचा दाखला निघण्याआधीच प्रमाणित करून घ्या. इथे आल्यावर त्यासाठी फार धावपळ होते.

आणि मुलाखतीत एक जरूर विचारा: साच्यांची यादी कुणाकडे असते? “कारखान्याकडे असेल” असं उत्तर आलं, तर पगार थोडा वाढवून मागा.