बॅरन बेटाची दीड शतकांची शांतता

प्रश्न : अंदमानजवळच्या बॅरन बेटावरील ज्वालामुखी मृत मानला जात होता आणि २००४ च्या सुमात्रा भूकंपामुळे तो जागा झाला, असे वाचनात आले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : तो मृत कधीच नव्हता; फार काळ शांत होता, इतकेच. श्रीविजयपुरमच्या (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवरील हे जेमतेम तीन किलोमीटर रुंदीचे निर्मनुष्य बेट म्हणजे दोन हजार मीटरहून अधिक खोल समुद्रतळावरून उठलेल्या ज्वालामुखीचा पाण्याबाहेर आलेला माथा होय. भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) येथे म्यानमारच्या छोट्या भूपट्टाखाली सरकतो आणि खोल गेलेल्या खडकांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा (कवचाखालच्या खडकांच्या जाड थराचा) वितळणबिंदू उतरून शिलारस तयार होतो. ही क्रिया शतकभराच्या शांततेने थांबत नाही.

त्याच्या उद्रेकाची पहिली लेखी नोंद १७८७ ची आहे. दोन वर्षांनी तेथे गेलेल्या लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यांनी धुराचे प्रचंड लोट आणि तापून लाल झालेले, काही तर तीन-चार टन वजनाचे दगड उडताना पाहिल्याचे नमूद केले आहे. १८३२ नंतर मोठ्या उद्रेकाची खात्रीशीर नोंद मिळत नाही. मात्र या नोंदी जवळून जाणाऱ्या जहाजांवर अवलंबून होत्या, हे विसरू नये. एखादा लहान उद्रेक कोणी पाहिलाच नसेल, ही शक्यता मला महत्त्वाची वाटते. खरा दीर्घ इतिहास समुद्रतळाच्या गाळात आहे, कारण त्यातील राखेचे थर हजारो वर्षे मागे जातात.

ही शांतता १९९१ मध्ये मोडली. त्या वर्षी कित्येक महिने उद्रेक चालला आणि लाव्हा कॅल्डेराच्या (माथा खचून झालेल्या मोठ्या खळग्याच्या) पश्चिमेकडील खिंडारातून समुद्रात उतरला. पुढचा उद्रेक १९९४ च्या अखेरीस सुरू होऊन १९९५ मध्ये थांबला.

म्हणूनच भूकंपाने तो ‘जागा केला’, असे म्हणणे चुकीचे ठरते, कारण तेरा वर्षे आधीच तो जागा झाला होता. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप आणि मे २००५ मधील उद्रेक यांत पाच महिन्यांचे अंतर आहे. एवढ्या मोठ्या धक्क्याने भूगर्भातील ताण बदलून, तयार होत आलेला उद्रेक लवकर घडू शकतो. पण १९९१ आणि १९९४ मध्ये असा कोणताही महाभूकंप न होताही तो उसळला होता, त्यामुळे केवळ कालक्रमावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.