संत्र्याची साल आणि लाल गाडी

प्रश्न : १:२४ मापाच्या मॉडेल गाडीवर लाल रंग आणि वर क्लिअर (चकाकीचा पारदर्शक थर) मारला. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झालाय. घासू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : जरूर घासा, पण लगेच नको. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत क्लिअर वरून सुकतो, आतून मऊच राहतो. नौपाड्यातल्या माझ्या घरी पावसाळ्यात मी गाडी दोन आठवडे डब्यात झाकून ठेवतो. नाकाशी धरून बघा. थिनरचा वास आला तर अजून थांबा.

मग २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर), पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि हात अगदी हलका. चकचकीत ठिपके जाऊन सगळं एकसारखं मंद दिसलं की ३००० घ्या. बॉनेटच्या कडा, दारांच्या रेषा, चाकांवरच्या कमानी यांवर आधी मास्किंग टेप लावा. तिथे थर सगळ्यात पातळ असतो. माझ्या पहिल्या गाडीच्या कडेला प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) उघडा पडला, ते अजून सलतं.

शेवटी तामिया कंपनीचं कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट, खरखरीत ते मऊ अशा क्रमाने : कोर्स, फाइन, फिनिश, प्रत्येकाला वेगळं फडकं. फडक्यावर लाल उतरलं तर क्लिअर संपलाय, हात तिथेच थांबवा. रेषांत अडकलेलं कंपाउंड मऊ टूथब्रशने निघतं.