'वाचा गेली' म्हणजे नेमकं काय गेलं?

बडोद्यात मांडवीजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "सासऱ्यांना महिन्यापूर्वी लकवा झाला. उजवा हात उचलत नाही. अहवालात 'अफेझिया' लिहिलंय, घरात आम्ही 'वाचा गेली' म्हणतो आणि कोशात 'वाचाघात' मिळाला. पण त्यांचा आवाज तर खणखणीत आहे. मग वाचा गेली कशी? बरोबर शब्द कोणता?"

ताई, 'वाचाघात' बरोबर आहे. तुम्हाला खटकतंय ते त्यातल्या 'वाचा'मुळे. वाचा म्हणजे आवाज नव्हे. 'कायावाचामने' म्हणताना किंवा 'अन्यायाला वाचा फोडली' म्हणताना घसा आपल्या मनातही नसतो. आतलं शब्दांत आणण्याची जी शक्ती, ती वाचा. सासऱ्यांची तीच दुखावली आहे. 'अफेझिया' या अर्थाने १८६४ मध्ये त्रुसो या फ्रेंच डॉक्टरांनी पुढे आणला. त्यातला ग्रीक 'अ' आपल्या 'अवाक्'मधल्या 'अ'सारखाच नकाराचा. खरं तर 'अवाक्' शब्दशः तेच सांगतो, पण तो आपण आश्चर्यासाठी वापरून बसलो आहोत.

आवाज शाबूत असूनही भाषा जाऊ शकते, हे पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी दाखवलं. त्यांच्या रुग्णाला सांगितलेलं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा: 'टॅन'. तो गेल्यावर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या भागात खाली इजा होती. १८७४ मध्ये वेर्निके यांनी दुसरी जागा दाखवली, कानाच्या वर आणि थोडी मागे. तिथे इजा झाली की माणूस भराभर बोलतो, पण शब्द भलतेच येतात आणि दुसऱ्याचं बोलणं नीट उमगत नाही. अशा माणसाला घरचे 'भ्रमिष्ट झाला' म्हणून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याची बुद्धी फिरलेली नसते.

या दोन्ही जागांना आणि उजवा हात हलवणाऱ्या भागाला रक्त देणारी मुख्य धमनी एकच. म्हणून उजवा हात आणि भाषा बऱ्याचदा बरोबरच जातात.

आता ज्याच्याशी याची गल्लत होते ते. शब्द मनात तयार आहे, पण जीभ, ओठ, टाळू हलवणाऱ्या चेता (मज्जातंतू) किंवा स्नायू कमजोर, तर बोलणं अडखळतं, घरंगळतं. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी सातवी चेहरा हलवते आणि बारावी जीभ. बारावीच्या नावाचा अर्थच 'जिभेखालची'. याला 'जीभ जड झाली' हे आपलं साधं बोलणं अगदी चपखल आहे. 'बोबडी वळली' मात्र इथे नको, ती भीतीने वळते. तिसरी गोष्ट निव्वळ आवाजाची. स्वरयंत्राकडे जाणारी डावी चेता आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग परत वर येते. त्यामुळे छातीतल्या गाठीनेसुद्धा आवाज घोगरा होऊ शकतो. तिथे 'आवाज बसला' म्हणावं.

आपल्या परंपरेत परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा चार वाणी मानतात. जीभ जड होते तेव्हा वैखरी, म्हणजे तोंडातून बाहेर पडणारं बोलणं, अडते. वाचाघातात त्याआधीची मध्यमा, म्हणजे आत शब्द जुळण्याचं काम, मोडतं. जुन्यांनी हे मेंदू उघडून लिहिलेलं नाही, पण फरक समजावायला मला याहून चांगली जोडी मराठीत दिसत नाही.

घरी ओळखायची एक खूण सांगते. डाव्या हाताने का होईना, लिहायला द्या. जीभ जड झालेला माणूस वेडंवाकडं पण बरोबर लिहितो. वाचाघातात लिहिणंही चुकतं, बहुधा वाचणंही.

माझ्या काकांनाही वाचाघात झाला होता. एकदा त्यांना चष्मा हवा होता. म्हणाले, "पेटी." मग मान हलवली, "पेटी… नाही." शेवटी डाव्या हाताने डोळ्यांपुढे दोन गोल काढले. संध्याकाळी मात्र घरात आरती सुरू झाली आणि काकांनी ती सबंध म्हटली, एकही शब्द न अडखळता. काकू रडायलाच लागल्या. पाठ असलेलं, सुरातलं, ओळीने मोजलेलं अनेकदा टिकून राहतं. नवं वाक्य जुळवणं जातं. म्हणून 'आरती येते, म्हणजे बोलायचं मनावर घेत नाहीत' असं कुणी म्हणू लागलं तर ते ऐकून घेऊ नका.

तेव्हा कागदावर 'वाचाघात' लिहा. भेटायला येणाऱ्यांना मात्र 'शब्द सापडत नाहीत' असं सांगा. 'वाचा गेली' ऐकलं की लोक एकतर मोठ्याने ओरडून बोलतात, नाहीतर त्यांच्याशी बोलतच नाहीत. त्यांना किती समजतं, हे स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या.

आणि बडोद्यात एक जपा. गुजराती शेजारी म्हणतील, "एमने शब्दो जडता नथी." तिथे 'जडवुं' म्हणजे सापडणं. तुमच्या सासऱ्यांचं दुखणं नेमकं तेच आहे. आमच्या आत्यांनी मात्र ते ऐकून 'जीभ जड झालीय' असं घरभर सांगितलं होतं.