ब्रेन गेमचं अ‍ॅप घ्यावं का? डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), मोबाइल आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: सासूबाईंना अल्झायमरची, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराची, सुरुवात आहे. नणंद म्हणते ब्रेन गेमच्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घे, आजार हळू वाढतो. घेऊ का?

नको, पैसे वाचवा. अशाच दाव्यांच्या जाहिराती केल्या म्हणून ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ल्युमॉसिटी या ब्रेन गेमच्या कंपनीला धरलं होतं, 2016 मध्ये 20 लाख डॉलर भरून त्यांनी प्रकरण मिटवलं. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची 2018ची गाइडलाइन तर सरळ सांगते की सौम्य ते मध्यम अल्झायमरमध्ये कॉग्निटिव्ह ट्रेनिंग देऊ नका. पण तीच गाइडलाइन ग्रुपमधल्या कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपीची शिफारस करते आणि इथेच घरच्यांचा गोंधळ होतो. ट्रेनिंग म्हणजे तीच ती कोडी घोटायची, स्कोअर वाढवायचा. स्टिम्युलेशनमध्ये गप्पा, गाणी, खाणंपिणं, ताज्या बातम्या असं सगळं येतं, मूळ कार्यक्रम आठवड्यातून दोनदा असा 7 आठवडे, एकूण 14 सेशन्सचा आहे आणि त्यात माणसाला माहिती विचारत नाहीत, मत विचारतात.

घरी हे मोबाइलवर मस्त जमतं. "हे कुठलं गाव, आठवतंय का?" म्हटलं की सासूबाईंची परीक्षा सुरू, मग त्या गप्पच बसणार. त्याऐवजी यूट्यूबवर वारीचा व्हिडिओ लावा आणि विचारा, "एवढं चालायचं म्हणजे कमाल आहे ना, तुम्ही गेला असता का हो?" याला चुकीचं उत्तरच नाही. पुरणपोळी दुधाशी चांगली की तुपाशी यावरून त्या तुमच्याशी दहा मिनिटं वाद घालतील, घालू देत, तेच हवंय आपल्याला. तरुणपणातल्या आठवणी बहुतेकांच्या जास्त टिकतात म्हणून त्या वयातली गाणी, माहेरच्या गावाचे, शाळेचे फोटो शोधून ठेवा. याने आजार थांबत नाही, हे नणंदेलाही सांगा.

प्रश्न: बाबांना टॅबलेट घेऊन दिला, पण दोन मिनिटांत चिडून फेकतात. भलतंच काहीतरी उघडतं म्हणतात.

बाबांचं खरं आहे. वयाने बोटं कोरडी होतात, स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही, मग ते जोरात आणि वेळ दाबून धरतात आणि नको तो मेन्यू उघडतो. अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन दाबून धरायचा वेळ वाढवा, अक्षरं मोठी करा, नोटिफिकेशन्स बंद. अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करता येतं, आयपॅडवर गाइडेड अ‍ॅक्सेस असतो, म्हणजे एकच अ‍ॅप उघडं राहतं. फुकटच्या गेममधल्या जाहिरातींपासून फार जपा. आणि लहान मुलांचे कार्टूनवाले गेम नकोत प्लीज, आयुष्यभर ऑफिस सांभाळलेल्या माणसाच्या ते मनाला लागतं. घरच्याच फोटोचं बारा तुकड्यांचं जिगसॉ बघा. पत्ते आवडत असतील तर खरेच पत्ते द्या, टॅबलेट राहू दे कपाटात.

प्रश्न: मी न्यू जर्सीला असतो. ऑफिसला निघायच्या आधी रोज व्हिडिओ कॉल करतो, पण आई बघतच नाही, उठून जाते.

तुमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ, आणि डिमेन्शियात बऱ्याच जणांची बेचैनी नेमकी संध्याकाळी वाढते. तुमच्या रात्री नऊला करून बघा, इथे सकाळचे साडेसहा-साडेसात असतात, आंघोळ-चहा उरकून ती ताजी असेल. "ओळखलंस का?" हे कधीच नाही, पहिलं वाक्य "आई, मी तुझा धाकटा" वगैरे. कॉल टीव्हीवर घेता आला तर चेहरा मोठा दिसतो. स्क्रीनवर एकटेच बसा, मागे सगळं घर हात हलवायला नको. बोलणं सुचत नसेल तर दोघांनी मिळून अथर्वशीर्ष म्हणा, पाठ असलेलं बरंच उशिरापर्यंत राहतं.

प्रश्न: आई दिवसभर वार विचारते. अलेक्सा घ्यावी का?

आईला हिंदीत किंवा इंग्रजीत बोलायची सवय असेल तरच, अलेक्साला मराठी समजत नाही. काही पेशंट माणूस न दिसता आवाज आला की घाबरतातही. जुन्या टॅबलेटवर घड्याळाचं अ‍ॅप टाकून "मंगळवार, सकाळ" असं मोठ्या अक्षरात समोर ठेवणं जास्त कामाचं.

प्रश्न: आणि आमच्यासाठी काही आहे का हो? मी दीड वर्ष नीट झोपले नाहीये.

काळजी घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट नावाचा ऑनलाइन कोर्स आहे, पण तुमचा प्रश्न वाचून मी तो आज सुचवणार नाही. आधी 14416 वर फोन करा, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि रात्रीच्या जागरणाचं पेशंटच्या डॉक्टरांना सांगा, औषधाच्या वेळा बदलूनही कधीकधी फरक पडतो, पण ते त्यांनाच ठरवू द्या. भावंडं असतील तर आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या नावावर टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशा करण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.