वाचकांचे प्रश्न : हँडीचा चार्जर

प्रश्न : बाओफेंग यूव्ही-५आर या हँडीच्या (हातात धरायच्या वायरलेस रेडिओच्या) चार्जिंग डॉकचा अॅडॅप्टर हरवला आहे. घरात राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अॅडॅप्टर पडून आहे आणि पिनही बसते. लावला तर चालेल का?

उत्तर : पिन बसते म्हणून लावू नका. या डॉकला १० व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर लागतात. १ अँपिअरची चिंता नको, तो आकडा अॅडॅप्टरची कमाल क्षमता सांगतो; डॉक त्यातून हवा तेवढाच करंट घेईल. अडचण आहे ती व्होल्टेजची. बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे लिथियम-आयनचे दोन सेल सिरीजमध्ये, आणि ती भरते ८.४ व्होल्टला. साध्या डॉकमध्ये वरचं व्होल्टेज उष्णता होऊन जळतं. बॅटरी ७ व्होल्टवर असताना ०.४ अँपिअर वाहत असेल, तर १० व्होल्टच्या अॅडॅप्टरवर १.२ वॉट उष्णता होते, १२ वर २ वॉट आणि धावत्या गाडीच्या १४.४ व्होल्टवर जवळपास ३. प्लॅस्टिकच्या बंद डबीतल्या छोट्या ट्रान्झिस्टरला एवढं झेपत नाही.

राउटरचाच वापरायचा असेल तर मध्ये एलएम२५९६चं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारा छोटा बोर्ड) घाला. डॉक न जोडता आधी आउटपुटला मल्टिमीटर लावा आणि प्रीसेट (बोर्डवरचा जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवून बरोबर १० व्होल्ट आणा. हा प्रीसेट बहुफेरी असतो. सुरुवातीच्या कित्येक फेऱ्यांत मीटरचा आकडा हलतच नाही, मॉड्यूल खराब वाटतं. फिरवत राहा. मग पिनची पोलॅरिटी डॉकवरच्या खुणेशी ताडून जोडा. ९ व्होल्टचा अॅडॅप्टर लावल्याने काही जळणार नाही, पण बॅटरी पूर्ण भरेल याचीही खात्री नाही.

प्रश्न : याएसू एफटी-६० या हँडीची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी (एफएनबी-८३, ७.२ व्होल्ट, १४०० मिलिअँपिअर-तास) आहे, मूळ चार्जर गेला. घरी बनवता येईल?

उत्तर : येईल, आणि पाच-सहा सुट्या भागांत. या रसायनाला ठराविक करंट लागतो. क्षमतेच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे १४० मिलिअँपिअरपर्यंत ठेवला की काम सुरक्षित राहतं. एलएम३१७ हा तीन पिनांचा रेग्युलेटर आयसी करंट सोर्स म्हणून, म्हणजे ठराविक करंट देईल असा, जोडायचा : आउट आणि अॅडजस्ट या पिनांमध्ये १० ओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर. आयसी या दोन पिनांमध्ये १.२५ व्होल्ट राखतो, म्हणून करंट १.२५ भागिले १०, म्हणजे १२५ मिलिअँपिअर. अॅडजस्टच्या टोकापासून १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू बॅटरीच्या प्लसकडे. इनपुट पिनेपाशी ०.१ मायक्रोफॅरड. छापील बाजू समोर धरली की पिना डावीकडून अॅडजस्ट, आउट, इन.

पुरवठा १५ व्होल्टचा घ्या. भरत आलेले सहा सेल ९.६ व्होल्टपर्यंत चढू शकतात. त्यावर डायोडचे ०.७, रेझिस्टरचे १.२५ आणि आयसीचे स्वतःचे सुमारे २. बेरीज साडेतेरा. म्हणून १२ व्होल्टवर शेवटी करंट घटतो आणि बॅटरी अर्धवट राहते. रेडिओ स्टेशनची १३.८ व्होल्टची सप्लाय मात्र जेमतेम पुरते. आयसीला लहान हीट सिंक लावा, पण त्याचा धातूचा टॅब आउट पिनेला जोडलेला असतो हे लक्षात ठेवा. धातूच्या डब्यावर कसायचा तर मध्ये वीजरोधक मायका आणि स्क्रूला बुशिंग हवंच.

बॅटरी लावण्याआधी आउटपुटला मल्टिमीटर मिलिअँपिअर रेंजवर थेट जोडा. १२५च्या आसपास दिसलं की जोडणी बरोबर. डायोड वगळू नका. तो नसेल तर वीज गेली की बॅटरी उलट्या वाटेने आयसीतून अॅडॅप्टरमध्ये रिकामी होत बसते.

पूर्ण उतरलेल्या बॅटरीला १६ तास. हा चार्जर आपणहून थांबत नाही, आणि इतक्या कमी करंटवर पूर्ण भरल्यावरची व्होल्टेजची घसरण पकडण्याइतकी ठळक नसते, म्हणून वेळच मोजायची. चाकाचा यांत्रिक टायमर यासाठी उत्तम : वीज गेली की तोही थांबतो, राहिलेले तास तसेच राहतात. मात्र तो २४ तासांच्या चक्राचा असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू होतो, हे ध्यानात ठेवून प्लग काढा. बॅटरी कोमट होणं ठीक. हाताला चटका बसत असेल तर ताबडतोब बंद करा.

याच चार्जरवर लिथियमची बॅटरी कधीही लावू नका. त्याला ८.४ व्होल्टला थांबणं माहीत नाही.

प्रश्न : दोन टीपी४०५६ बोर्डं (एका लिथियम सेलचे चार्जर) एकाच मोबाइल चार्जरवर लावून ७.४ व्होल्टची बॅटरी भरता येईल का?

उत्तर : नाही. साध्या बोर्डांचं ग्राउंड समाईक होतं आणि सिरीजमधला खालचा सेल त्यातून शॉर्ट होतो. टीपी५१०० हा एक किंवा दोन सेल भरणारा चार्जर बोर्ड घ्या. त्यावरचे ‘सेट’चे दोन पॅड सोल्डरने जोडले की तो ८.४ व्होल्टवर जातो. उघडे ठेवले तर ४.२. करंट ठरतो ०.१ भागिले सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर, ओहममध्ये) या हिशेबाने. बऱ्याच बोर्डांवर ‘आर१००’ (०.१ ओहम) छापलेले दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणजे २ अँपिअर. १८०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला हे फार झालं. एक काढला की १ अँपिअर; उरलेल्याच्या जागी ०.२ ओहमचा बसवलात तर ०.५, आणि आमची पसंती त्यालाच. जोडणी नेहमी पॅकच्या बाहेरच्या टोकांना करा, म्हणजे आतलं संरक्षण सर्किट मध्ये राहतं. या आयसीची इनपुट मर्यादा १८ व्होल्ट आहे. ‘१२ व्होल्ट’चं सोलर पॅनल मोकळं असताना २१-२२ व्होल्ट देतं, तेव्हा ते सरळ जोडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर यूव्ही-५आर किती वेळा भरेल?

उत्तर : लेड-अॅसिडचे ८४ वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरा, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. डॉकला १० व्होल्टवर १.८ अँपिअर-तास म्हणजे १८ वॉट-तास लागतात, बक मॉड्यूलचा तोटा धरून २० ते २१. म्हणजे दोनदा. इन्व्हर्टर लावून मूळ अॅडॅप्टर वापरलात तर तेवढंही हाती लागणार नाही. बॅटरीच्या प्लसजवळ १ अँपिअरचा फ्यूज घाला. बक मॉड्यूल रेडिओत खरखर आणतं, त्यामुळे कमकुवत स्टेशन ऐकायचं असेल तेव्हा चार्जिंग बंद ठेवा.