३२०० ची रॅम २१३३ वर का?

प्रश्न : प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ३२०० वेगाच्या, ८-८ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या बसवल्या, पण टास्क मॅनेजर २१३३ दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो! खोक्यावरचा आकडा बहुतेकदा एक्सएमपीचा, म्हणजे कंपनीने रॅममध्येच साठवून दिलेल्या वेगवान सेटिंगचा असतो. ते सेटिंग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या मेनूत) चालू करावं लागतं. रॅमचं व्होल्टेज १.२ वरून १.३५ होईल, घाबरू नका. तुमचं ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं, म्हणून गेममध्ये फरक जाणवेल. चार खाचा असतील तर पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या-चौथ्या खाचेत घाला. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चारही फेऱ्या होऊ द्या. एक जरी एरर आली, तरी २९३३ वर उतरा, पुन्हा तपासा. ३६०० चा मोह? मी तरी ३२०० वरच थांबतो. गेममधल्या सेकंदाला चार जादा फ्रेमपायी, रॅमच्या चुकांनी फायली बिघडवायची माझी तयारी नाही.