बाबासाहेबांच्या पुतळ्याला बहुतेक ठिकाणी सूटच का असतो?
आपल्या नागपूरच्या संविधान चौकातही सूटच आहे, आणि तोच शोभतो. पूर्वी कोणी काय नेसायचं हे जात ठरवायची. दलित बायकांचं लुगडं आखूड, हातात कोपरापर्यंत कथलाचे दागिने. लांबूनच जात कळायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना बजावलं, ही खूण टाका, लुगडं पायघोळ नेसा, फाटकं असलं तरी स्वच्छ असू द्या. अशा समाजातल्या माणसाने कडक इस्त्रीचा सूट घालणं म्हणजे हक्क बजावणंच होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षा घेताना मात्र ते पांढऱ्या पोशाखात होते, समोरचे लाखो लोकही. आजही दीक्षाभूमीवर कितीतरी बायका पांढरी साडी नेसूनच येतात.